तोंड पाहिलेला शिपाई

टाकव्याहून बबनचा फोन आला. "शालूताई, भात कापायला घेतलंय. येताय न्हवं?" बबन म्हणजे माझ्या हौसाआत्याचा मुलगा, आणि टाकवे माझं माहेर. मी हो म्हणाले, फोन ठेवला आणि तहान नसताना पाणी प्यायले. सदतीस वर्षं लोणावळ्यातल्या शाळेत इतिहास शिकवला, निवृत्त झाले, गुडघ्यांनी राजीनामा दिला, पण सुगीला टाकव्याला जायचं मी कधी चुकवलं नाही. यंदा मात्र पाय निघेना. झोडून झालेल्या पेंढ्या तिथे बांधावर वाळायला उभ्या करतात, आणि गेल्या वर्षापासून मला त्या पेंढ्यांकडे सरळ बघवत नाही.

याला कारण गेल्या वर्षीची सुगी आणि माझा एक नाद.

निवृत्त झाल्यावर बायका भजनाला जातात, विपश्यनेला जातात, निदान नातवंडांच्या मागे धावतात. मी मोबाईलवर महायुद्धं बघत बसले. हिरो गोळी लागूनही पाच मिनिटं भाषण करतो ते सिनेमे नव्हेत, खरीखुरी चित्रं. त्या काळी कुणीतरी कॅमेरा घेऊन पलटणीबरोबर हिंडलं, त्या पट्ट्या कुणीतरी जपल्या आणि आता त्या घरबसल्या बघायला मिळतात. सगळीकडून रेघा पडलेल्या, मध्येच पांढऱ्याफटक होणाऱ्या. शिपाई कवायत करतात, बूट पुसतात, ताटल्या घेऊन रांगेत उभे राहतात, एकमेकांचे केस कापतात. वर्गात मी पोरांना महायुद्धाची कारणं पाच-पाच मार्कांना लिहायला लावत असे. हे बघायला लागले आणि एकेक कारण विसरत चालले.

त्या चित्रांतली एक गोष्ट मला छळते. समोरून जाताना प्रत्येक शिपाई एकदा कॅमेऱ्याकडे वळून बघतो. कुणी हसतो, कुणी लाजतो, कुणी मान ताठ करतो. मग कडेला जाऊन दिसेनासा होतो. चित्र काढणारा मेला, तो शिपाईही मेला, आणि त्याचं बघणं तेवढं राहिलंय. बोटाने मागे न्यावं की तो परत येतो, परत वळतो, परत माझ्याकडे बघतो. एकाला मी अकरा वेळा मागे नेलं. बाराव्या वेळी मला त्याची लाज वाटली.

खंदकातून वर चढणारी माणसंही बघितली. एकजण काठावरच घसरतो आणि तिथेच आडवा होतो. बाकीचे पुढे जातात, त्याच्याकडे कुणी बघत नाही, कॅमेराही हलत नाही. मी भर दुपारी, हातातला चहा निवत असताना, मोबाईलला सांगते, अरे ऊठ की रे बाबा. तो काही उठत नाही.

पण हा नाद नुसता रिकामटेकडेपणाचा नव्हता. आत्याला तिच्या बापाचं तोंड बघायचं होतं.

आत्याचे वडील म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, गेनूआजोबा. दुसऱ्या महायुद्धात ते पलटणीत गेले तेव्हा आत्या गंगूआजीच्या पोटात होती. बाप गेला आणि चार महिन्यांनी ही जन्मली. पुढे एक कागद आला, त्यात लिहिलं होतं, बेपत्ता. कुणी वाचून दाखवल्यावर गंगूआजी म्हणाली म्हणे, "बेपत्ता म्हंजी मेल्यालं न्हाई," आणि लावणीला निघून गेली. तिने कुंकू पुसलं नाही आणि नवऱ्याचा म्हाळही कधी घालू दिला नाही. भाद्रपदात पितृपक्ष आला की आमच्या घरात सगळ्या पितरांची पानं वाढली जायची, गेनूआजोबांचं सोडून. ती म्हातारी झाली आणि कुंकवानिशीच गेली.

घरात गेनूआजोबांचा एकही फोटो नव्हता. गोष्टी मात्र ढीगभर. गेनू दोन माणसांचं भात एकटा कापायचा. गेनूने उधळलेला बैल शिंगाला धरून जागेवर उभा केला. गेनूसारखा कामाचा गडी आख्ख्या मावळात नव्हता. माझे आजोबा हे सांगताना डोळे मिटायचे आणि आम्ही पोरं तोंडं उघडी टाकून ऐकायचो. आत्या तिथेच काहीतरी निवडत बसलेली असायची. ती या गोष्टींत कधी पडली नाही.

गंगूआजी गेल्यावर भावकीने आत्याला सांगितलं, आता तरी बापाचा म्हाळ घाल. आत्या गावातल्या गावात दिलेली, माहेर आणि सासर यांत दोन बांधांचं अंतर. घालणं काही अवघड नव्हतं. तिने साफ नाही म्हटलं. "ज्याचं तोंड कवा बघितलं न्हाई, त्याला जेवायला बोलवू कसं? येकदा तोंड दिसूं द्या, मंग घालीन." लोक हसले. मेलेल्या माणसाचं तोंड आता कुठून दिसणार? अशीच वर्षं गेली. आत्या चौऱ्याऐंशीची झाली, डोळ्यांची ऑपरेशनं झाली, आणि गेल्या वर्षीच्या श्रावणात एकदा माझ्या मोबाईलमध्ये डोकावून म्हणाली, "ही मानसं खरी का गं?"

खरी, म्हटलं.

"आपल्या मुलकातली बी हायेत का यात?"

आहेत की, म्हटलं. फेटेवाले आहेत, आपल्यासारखे उकिडवे बसून भाकरी खाणारे आहेत.

तिने मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाली, "मंग माझा बा बी आसंल कुटंतरी. बघ बाई. तुला काय काम हाय दुसरं?"

टोमणा खरा होता, त्यामुळे लागला. त्या दिवसापासून मी हात धुऊन मागे लागले. लोणावळ्याचा पाऊस म्हणजे एकदा बसला की पाहुण्यासारखा हलत नाही. खिडकीबाहेर धुकं, कपाटातल्या चपलांना बुरशी, आणि मी पांघरूण घेऊन शिपाई तपासतेय. कुणाला शोधतेय तेही माहीत नाही. नाक कसं, डोळे कसे, काही ठाऊक नाही. बरा वाटला की त्याला बाजूला काढायचा आणि टाकव्याला गेल्यावर आत्याला दाखवायचा. ती बघायची आणि म्हणायची, "न्हाई." कशावरून नाही, ते विचारायची माझी छाती नव्हती.

पितृपक्ष लागायच्या आधीचा तो दिवस. भात पोटरीत आलेलं, पाऊस नुकताच थांबून ऊन पडलेलं. आत्याच्या घरासमोर ओट्यावर आम्ही दोघी बसलो होतो. उन्हात मोबाईल दिसेना, म्हणून आत्याने पदर दोघींच्या डोक्यावरून ओढून घेतला. आत अंधार झाला. लुगड्याला चुलीचा वास. त्या अंधारात मी नवं चित्र लावलं. सुरुवातीला काहीबाही अक्षरं होती, ती बोटाने पुढे ढकलली. आत्याला वाचता येत नाही, आणि मला घाई.

मैदान होतं. लाकडी चौकटींना पेंढ्याची माणसं टांगलेली. पेंढा भरलेली पोटं, पेंढ्याची डोकी. शिपाई बंदुकीला संगीन लावून धावत येतात, तोंड वासून ओरडतात आणि पेंढ्याच्या माणसाच्या पोटात ती खुपसतात. पाय लावून ओढून काढतात. पुढच्याला खुपसतात. आवाज काहीच नाही.

"आवाज का न्हाई?" आत्याने विचारलं.

"बिघडला असेल," मी म्हटलं.

"आन पेंढा किती वाया घालवत्यात! गुरांनी खाल्ला आसता." मग म्हणाली, "मानसाला मारायचं आसं शिकवावं लागतं व्हय?"

धावणारे निघून गेले. फुटलेल्या पोटांतून पेंढा लोंबत होता. एक शिपाई मागे राहिला होता. त्याने बंदूक खाली ठेवली, गुडघा टेकला आणि सांडलेला पेंढा गोळा केला. चार काड्या घेऊन त्यांना डावीकडे पीळ दिला, पेंढ्याभोवती आवळला, टोक अंगठ्याने आत खोचलं. झर्रकन. सुगीला आमच्याकडे पेंढी बांधतात तशी. फुटलेला माणूस पुन्हा धड झाला. मग तो उभा राहिला, हात तुमानीला पुसले, वळला आणि आमच्याकडे बघून हसला. समोरचा एक दात थोडा पुढे होता.

आत्याने माझं मनगट धरलं. "थांबव."

मी थांबवलं. ती बघत राहिली. पदराखाली तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"ह्योच," ती म्हणाली.

मी तो बंध ओळखला होता. डावा पीळ आणि आत खोचलेलं टोक. माझे आजोबा तसाच बांधायचे, वडील तसाच बांधायचे. आमच्या घराचा बंध! मी हमसून हमसून रडायला लागले. गोठ्यातून बबन धावत आला, काय झालं काय झालं करत. आत्याने पदर बाजूला केला आणि शांतपणे सांगितलं, "आजा घावला तुजा." ती रडली नाही. मला त्याचं नवल वाटलं, पण म्हटलं, एवढ्या वर्षांनी रडू तरी कुठून येणार?

शस्त्राने गेलेल्यांचा म्हाळ चतुर्दशीला घालतात. त्या चतुर्दशीला आत्याने कुणालाही चुलीजवळ येऊ दिलं नाही. खीर, वडे, अळू, कढी, गवार, भोपळा. भात घरचा, इंद्रायणी, सगळ्या घरात वास दरवळला. केळीचं पान मांडून तिने मला मोबाईल त्याच्यासमोर धरायला लावला. तो हसरा शिपाई पानाकडे बघतोय असा. बबनच्या बायकोला हसू आलं आणि तिने ते पदरात दाबलं. आत्या हात जोडून म्हणाली, "लय वाट बघायला लावली. जेव पोटभर." घास कौलावर ठेवायचा अवकाश, कावळा आला. बबन म्हणाला, "उपाशी हुता आजा." मी परत रडले. त्या पंधरवड्यात मी जेवढी रडले तेवढी माझ्या लग्नात रडले नव्हते.

मला वाटलं, या शिपायाचा फोटो काढून आत्याच्या घरात लावावा. लोणावळ्याला आल्यावर बाजारातल्या फोटोवाल्याकडे गेले. त्याने ते चित्र कॉम्प्युटरच्या मोठ्या पडद्यावर अगदी पहिल्यापासून लावलं. मी पुढे ढकललेली अक्षरं त्याने सावकाश वाचली. मग हवा तो क्षण पकडला, दोन दिवसांनी या म्हणाला, आणि पावती फाडता फाडता सहज म्हणाला, "मॅडम, पहिल्या महायुद्धातलं दिसतंय. तुमचे पणजोबा का?"

पहिल्या.

मी त्याला सुरुवातीच्या अक्षरांची ती पाटी पुन्हा दाखवायला लावली. वर्ष स्पष्ट लिहिलेलं होतं. त्या वर्षी गेनूआजोबा पाळण्यातसुद्धा नव्हते.

दुकानातून घरी कशी आले ते मला आठवत नाही. पायरीवर बसले आणि स्वतःला मोठ्याने शिव्या घातल्या. अगं मास्तरीणबाई, सदतीस वर्षं तू काय झोपा काढल्यास? आवाज नाही म्हटल्यावर तुला उमजू नये, की हे मुक्या चित्रांच्या काळातलं आहे? चौथीतलं पोरही सांगेल की आधी पाटी वाचावी. आणि नुसती चूक असती तर मी कान पकडून सुटले असते. गंगूआजीने जन्मभर अडवून धरलेलं नवऱ्याचं पान मी एका परक्याला वाढायला लावलं होतं. आत्याने तोंड बघायचा हट्ट धरून एवढी वर्षं काढली, आणि मी तिला भलतंच तोंड दाखवून मोकळी झाले होते.

त्यानंतरचे तीन आठवडे मला दोन माणसांनी स्वस्थ बसू दिलं नाही. फोटो आणला आणि वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवला. तरी भाजी चिरताना तो हसरा शिपाई समोर यायचा, हात पुसायचा, तृप्त. आणि त्याच्या मागे एक दुसरा उभा असायचा, पाठमोरा. त्याला तोंडच नव्हतं. तो काही मागत नव्हता, रागावत नव्हता, नुसता उभा. मळवलीच्या फलाटावर एकदा गाडीची वाट बघत होते. धुक्यात एकजण पाठ करून उभा होता, खांद्यावर बोचकं. तो आता वळेल या भीतीने मी गाडी सोडून दिली. कोण बिचारा कामावरून घरी निघालेला असेल. पण त्या दिवसांत मला पाठमोऱ्या माणसांची भीती बसली होती.

मी रोज ठरवायची, सांगायचं. आणि रोज ठरवायची, नाही सांगायचं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी मिळालेला बाप तिच्याकडून काढून घेणारी मी कोण? फोटो लावावा भिंतीला, जाऊ दे, सुखाने डोळे मिटू दे. पण मग तो पाठमोरा? त्याला ती पुन्हा कधी शोधणार नव्हती. शोध संपला होता ना. माझ्या गप्प बसण्याने तो कायमचा पाठमोरा राहणार होता.

अशात बबनचा असाच फोन आला, गेल्या वर्षीच्या सुगीचा. भात कापायला घेतलंय. फोटो पिशवीत घालून मी गेले.

आत्या वावरात होती. तिला काम करू नको म्हणणारं माणूस अजून जन्माला यायचंय. कापणाऱ्या बाया पुढे गेल्या होत्या, आणि ही झोडलेल्या भाताच्या पेंढ्या बांधत, एकेक बांधावर उभी करत होती. ओळीने उभी ती पेंढ्याची माणसं. मला त्यांची फुटलेली पोटं दिसायला लागली. मी तिच्याशेजारी उकिडवी बसले. गुडघे कडाकडा वाजले.

"आत्या, एक सांगायचंय."

"सांग की."

"तो शिपाई तुझा बाप नव्हे."

तिचे हात चालूच होते. मी घाईघाईने सगळं सांगून टाकलं. पाटी, वर्ष, पहिली लढाई, माझा मूर्खपणा. आत्याने टोक आत खोचलं, पेंढी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "मला ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"माझा बा न्हाई त्यो."

"कधीपासून?"

"तवाच. त्यानं बंध बांधला तवाच कळलं."

आत्या हसली. बोळक्या तोंडाने, पोरीसारखी. "माझ्या बाला पेंढी बांधाया येत न्हवती, शालू. आय सांगायची मला. खळ्यावर यायच्या आत सुटायची त्याची पेंढी. वर आन दात काढून हासायचा. आय मागनं फिरून समद्या परत बांधायची. भाताला कट्टाळूनच पलटनीत ग्येला त्यो."

"पण आजोबा तर सांगायचे की दोन माणसांचं काम..."

"ह्या घरात मेल्यालं मानूस लगीच हुशार हुतं," आत्या म्हणाली.

"पण आपल्या घराचा बंध होता तो! डावा पीळ!"

"आपल्या घराचा कुटला आलाय? समदं मावळ आसंच बांधतंय. तू साळंत शिकिवलंस, बांधावर कवा हुतीस?"

मला हसावं की रडावं कळेना. म्हटलं, "मग ह्योच का म्हणालीस गं? माझा जीव गेला इकडे!"

तिने खाली पडलेली एक काडी उचलून बोटाला गुंडाळली. "त्यानं बघितलं न्हवं माज्याकडं. हासला. तोंड बघितल्यावर मानसाला भाद्रपदात उपाशी कसं धाडायचं? खरं बोलले आसते तर बबन्यानं वाडू दिलं आसतं व्हय परक्याला पान? तूबी म्हनली आसतीस, ऱ्हाऊं दे आत्या, फुडचं बघू."

म्हणाले असते. नक्की म्हणाले असते.

मी पिशवीतून फोटो काढून दिला. तिने वर्तमानपत्र सोडलं, काचेवरून पदर फिरवला आणि त्या पुढे आलेल्या दाताकडे निरखून बघितलं.

"कितीक वर्सं झाली म्हनलीस ह्येला?"

"शंभरच्या वर."

"मंग पोरं आसली, तर ती बी ग्येली."

"गेलीच असतील."

"म्हंजी ह्येला कुनीच न्हाई." तिने मान हलवली. "बरं झालं जेवला. माझा बा थांबंल आजून. त्याची पोरगी जिती हाय."

आणि पुढची पेंढी ओढून घेतली.

तो फोटो आता आत्याच्या भिंतीवर आहे. बबन त्याला आजा समजून दसऱ्याला हार घालतो, आणि आम्ही दोघी गप्प बसतो. यंदाही चतुर्दशीला त्या परक्याचंच पान वाढलं. मी अजून रोज दुपारी चित्रं बघते. कामाला वाघ असलेले शिपाई मी आता सोडून देते. ज्याच्या हातून काही सुटतं, सांडतं आणि वर जो हसतो, तिथे थांबवते. असे खूप आहेत. सगळे माझ्याकडे बघतात. आत्याला दाखवते, ती पदर ओढून घेते, नीट बघते आणि म्हणते, "न्हाई. फुडचा लाव." आताशा तिला पदराखाली फार वेळ बसवत नाही, धाप लागते. आणि तिच्यामागे गेनूआजोबांना पान वाढायला मी आहे म्हणावं, तर मीही त्यांचं तोंड पाहिलेलं नाही.